बावन्नाव्या मिनिटाचा कागद

सहा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी एक कागद मी दारावर चिकटवायचा होता. तो मी चिकटवला नाही. घडी घालून शर्टच्या खिशात ठेवला. कागद माझा नव्हता, सरोदेताईंचा होता. खिशात ठेवण्याआधी तो मी वाचला होता, दोनदा वाचला होता. त्यामुळे नजरचुकीनं झालं असं म्हणायची सोय मला नाही.

ताईंबद्दल लिहायचं आणि स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करायची हे बरं दिसत नाही. पण आधी ताईंचं कौतुक करून चूक शेवटी कुठेतरी कोपऱ्यात घालावी, हे मला जमणार नाही. तसं मी सहा वर्षं करतच आलो.

आमच्या बऱ्हाणपुरात एक जुनं मराठी वाचनालय आहे. मी त्याचा चिटणीस. पोटासाठी माझं बस स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सिनेमा दाखवतो. खिडक्यांना जाड सतरंज्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर टेबलावर ठेवायचा. ही कल्पना ताईंची. त्या नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त होऊन बऱ्हाणपुरात राहायला आल्या आणि तिसऱ्याच महिन्यात वाचनालयात येऊन म्हणाल्या, "पुस्तकं भरपूर आहेत तुमच्याकडं. सिनेमे का नाहीत?"

कुसुम सरोदे. भुसावळकडच्या. नवरा कारखान्यात होता, तो लवकर गेला, आणि त्याच्या जागी ताईंना तपासणी विभागात घेतलं. त्या तिथं सत्तावीस वर्षं होत्या. बुटक्या, रुंद कपाळाच्या, साडी घोट्याच्या वर, पायात पुरुषी सँडल. आवाज मोठा, कारण मशीनच्या शेजारी आयुष्य गेलं. कुठलाही कागद हातात आला, लग्नाची पत्रिका असो की दवाखान्याचा रिपोर्ट, की त्या आधी तो उजेडासमोर धरून आरपार बघायच्या आणि मग वाचायच्या. एकदा बँकेतल्या साहेबानं त्यांच्यासमोर फॉर्म ठेवला. ताईंनी तो ट्यूबलाइटकडे धरला. साहेब घाबरला. "मॅडम, ओरिजनल है!" ताई म्हणाल्या, "ते दिसतंय. पण कागद हलका वापरता तुम्ही."

कारखान्यातली एक पद्धत त्या वारंवार सांगायच्या. कागदाचं मोठं रीळ मशीनवर गुंडाळलं जात असताना मध्येच कागद तुटतो. तो जोडतात आणि गुंडाळणं पुढं चालू राहतं. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून जोड असेल तिथं एक रंगीत चिठ्ठी लावायची, तिचं टोक रिळाच्या कडेनं बाहेर आलं पाहिजे. मग छापखान्यातल्या माणसाला लांबूनच दिसतं की इथं जोड आहे, इथं मशीन हळू चालवायची.

"जोड असणं ही लाज नाही," ताई म्हणायच्या. "सगळ्या रिळांत असतो. चिठ्ठी नसणं ही लाज."

सिनेमांना त्यांनी हेच केलं. कुठलाही सिनेमा दाखवायच्या आधी त्या तो घरी तीनदा बघायच्या. पहिल्यांदा साधा, आपण सगळे बघतो तसा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन, नुसता ऐकायचा. तो तिसरा प्रकार मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मला हसू आलं. टीव्हीवर पिस्तुलं उडतायत आणि बाई भिंतीकडे तोंड करून मेथी निवडतायत.

"ताई, हे काय?"

"मुलं भीती वाटली की डोळे झाकतात," त्या म्हणाल्या. "कान कोण झाकतं?"

मग त्या कागद लिहायच्या. कारखान्यातून आणलेले जाड करडे कागद त्यांच्याकडे गठ्ठ्यानं होते. त्यावर निळ्या मार्करनं, मोठ्या अक्षरात. कितव्या मिनिटाला काय आहे, किती वेळ आहे, दिसतं की नुसतं ऐकू येतं, आणि कोणत्या वयाच्या आत नको. खाली सही. तो कागद मी दुकानात नेऊन त्याच्या प्रती काढायच्या, मूळ कागद दारावर चिकटवायचा, फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकायचा आणि सिनेमा सुरू होण्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. काम ठरलेलं होतं. गावातले आईबाप त्या कागदावर इतके विसंबले होते की लोक सिनेमाचं नाव विचारायचेच नाहीत. "भंगाळेभाऊ, ताईंचा कागद काय म्हणतो?" एवढंच विचारायचे.

ताईंची मापं मात्र वेगळी होती. पोलिस-दरोडेखोरांचा एक धमाल सिनेमा त्यांनी आठ वर्षांच्या पुढच्या सगळ्यांना मोकळा केला आणि लिहिलं, "मारामारी भरपूर आहे. खोटी आहे हे मुलांना कळतं. मोठ्यांनी मध्ये बोलू नये." उलट एक घरगुती, सगळ्यांनी मिळून बघावा म्हणून नावाजलेला सिनेमा होता, त्यावर लिहिलं, "मिनिट २३: सासरा सुनेला थप्पड मारतो. विनोद म्हणून आहे. हसू नये."

त्यावर आमच्या समितीतले चौधरीकाका भडकले. त्यांचं दागिन्यांचं दुकान, मोठा माणूस. हॉलच्या जिन्यातच त्यांनी ताईंना गाठलं.

"बाई, आता आम्ही कधी हसायचं तेही तुम्ही सांगणार का?"

"हसा की काका," ताई म्हणाल्या. "फक्त हसताना आपली सून कुठं बसली आहे ते बघून ठेवा."

त्या दिवशी तेविसाव्या मिनिटाला हॉलमध्ये चिडीचूप होतं. कोणीतरी खोकलं तेवढंच. सिनेमा संपल्यावर चौधरीकाकांची सून ताईंसाठी घरच्या दराब्याचा, आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन आली. डबा परत करताना ताईंनी त्यात भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या.

बारा-तेरा वर्षांची पोरं कागद वाचायला सगळ्यात आधी यायची. कशासाठी ते ताईंना ठाऊक होतं. एकानं एकदा धीर करून विचारलं, "आजी, सैंतीसवे मिनिट में नक्की काय आहे?"

"सदतिसाव्या मिनिटाला तुझी आई दाराशी येऊन उभी राहणार आहे," ताई म्हणाल्या. "मी फोन केलाय."

त्या वर्षी ताईंनी एक जपानी सिनेमा आणला. फार जुना, काळापांढरा. जपानी नाव आमच्यापैकी कोणालाच उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला वखारीचा सिनेमा म्हणू लागलो. एका बंदराच्या गावात लाकडाच्या वखारीतला कारकून नाहीसा होतो. त्याला शोधणारा फौजदार पोटदुखीनं हैराण आहे, दर दहा मिनिटांनी औषधाच्या पुड्या खातो. हळूहळू कळतं की खून घरातल्याच माणसानं केला आहे. ताई त्या सिनेमानं वेड्या झाल्या होत्या. मला म्हणाल्या, "मनोहर, यात कोणी ओरडत नाही रे. इतका मोठा गुन्हा, आणि सगळे हळू बोलतात."

सिनेमा आमच्या वार्षिक दिवशी ठेवायचा ठरला. नेमकं त्याच आठवड्यात ताईंचं जळगावला मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. जाण्याआधी त्यांनी कागद लिहून माझ्या दुकानात आणून दिला. तो माझ्याकडे अजून आहे, म्हणून जसाच्या तसा देतो.

"वखारीचा सिनेमा. जपानी. एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पंधराच्या आत नको.

मिनिट १२: दारू. सिगारेटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, त्या मोजल्या नाहीत.

मिनिट ३१: मारहाण. सावली दिसते, माणसं दिसत नाहीत.

मिनिट ५२: नदीतून प्रेत काढतात. चेहरा दिसत नाही, रक्त नाही. साखळीचा आवाज दीड मिनिट आहे. कोणाच्या घरातलं माणूस पाण्यात गेलेलं असेल तर त्यांनी, वय कितीही असो, आत जाण्याआधी थांबावं.

मिनिट ९८: गुन्हेगार रडतो. हे मुलांना दाखवण्यासारखं आहे, पण त्यासाठी आधीचं सगळं दाखवावं लागतं.

कु. सरोदे"

कागद माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "बावन्न मोठ्यानं वाच. आपल्या गावाला नदी आहे."

रविवार उजाडला. समितीनं जंगी तयारी केली होती. बाहेरगावचे पाहुणे, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर, मंडपवाल्याकडून आणलेल्या जास्तीच्या खुर्च्या. चौधरीकाका सकाळीच म्हणाले होते, "मनोहर, आज हॉल भरलेला दिसला पाहिजे. फोटोत रिकामी खुर्ची नको." आणि खरोखरच लोक आले. एरवी आमच्याकडे वीस माणसं जमली तर पुष्कळ. त्या दिवशी अडीचलाच साठ-सत्तर. बायका, म्हातारी माणसं आणि पोरंच पोरं. दापोऱ्याहून एक केळीवाले शेतकरी प्रल्हादभाऊ आपल्या अकरा वर्षांच्या मुलीला, ईश्वरीला, घेऊन आले होते. बाजाराला आले की ते वाचनालयात डोकवायचे, मुलीसाठी पुस्तकं न्यायचे. दाराशी त्यांनी विचारलंही, "कागद नाही दिसू राहिला, भाऊ?"

मी म्हणालो, "ताई जळगावला आहेत ना. जुना काळापांढरा सिनेमा आहे हो. बसा."

हे दोन्ही खरं होतं. म्हणून तर ते इतक्या सहज तोंडातून निघालं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय होतं? हा कागद चिकटवला तर अर्धा हॉल रिकामा होणार. पोरं बाहेर, म्हणजे आयाही बाहेर. उरलेल्या खुर्च्या फोटोत येणार. आणि मनाला समजवायला एक युक्तिवादही होता. जुना सिनेमा, रंग नाही, रक्त लाल दिसणार नाही, भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, पोरांना काय डोंबल कळणार? आमच्याकडे काळापांढरा म्हणजे सोज्वळ अशी एक समजूत आहे. जुन्या सिनेमांत फुलावर फूल आपटायचं, त्यापलीकडे काही नाही, असं आम्ही धरून चालतो. ती समजूत मी खिशातल्या कागदावर पांघरली.

बावन्नाव्या मिनिटाला होडीतले लोक पाण्यात आकडा टाकतात. त्याला बांधलेली साखळी होडीच्या काठावरून सरकत जाते. पडद्यावर काही दिसत नाही, नुसती धुक्यातली नदी आणि काठावर उभ्या बाईची पावलं. आणि ती साखळी, खड खड खड, थांबते, पुन्हा सरकते.

मधल्या रांगेतून ईश्वरी उठली. ती ओरडली नाही, रडली नाही. लोकांच्या पायांवरून, खुर्च्यांना धडकत ती दाराकडे गेली. तिच्यामागे प्रल्हादभाऊ. मी बाहेर आलो तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली, दोन्ही तळवे कानांवर गच्च. डोळे सताड उघडे.

त्याच्या दोन वर्षं आधी तिचा धाकटा काका राजघाटावर तापीत बुडाला होता. त्याला काढलं तेव्हा ती घाटावरच होती, कोणाचं लक्ष नव्हतं. त्या होडीलाही साखळीच होती. हे मला प्रल्हादभाऊंनी तिथं जिन्यात सांगितलं. पण गावातल्या इतरांसारखं तिच्या काकाच्या बुडण्याचं मलाही माहीत होतं. विसरलो नव्हतो. जोडून बघितलं नव्हतं.

मी आत परत गेलो आणि सिनेमा चालू ठेवला. पाहुणे बसले होते.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. प्रल्हादभाऊ आले होते. ताई काळा चष्मा लावून आल्या होत्या, जळगावहून आदल्याच दिवशी परतल्या होत्या. मी घरून निघताना तो कागद खिशात घातला होता. तिथं सगळ्यांसमोर काढून ठेवायचा, चूक माझी म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो. वाटेत दोनदा खिसा चाचपला.

प्रल्हादभाऊ उभे राहिले. "बाई, मी काही फार शिकेल माणूस नाही. तुमचा कागद राहतो म्हणून मी पोरीले आणत जातो. आता ती विहिरीकडे जात नाही, ट्रॉलीची साखळी वाजली तरी घरात पळते. मले एवढंच सांगा, त्या दिवशी कागद कुठी व्हता?"

ताईंनी काळा चष्मा काढला. डोळ्यातून पाणी येत होतं, ते औषधाचं. त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून बघितलं. माझ्यावर त्यांची नजर थोडी थांबली. मग त्या म्हणाल्या, "दारावर नव्हता ना? मग चूक माझी. लिहिलं म्हणजे लागलं असं नसतं. मी विचारायला हवं होतं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात चौधरीकाका म्हणाले, "जाऊ द्या, बाईंचं वय झालं. होतं असं," आणि दोघेतिघे हं हं म्हणाले, चहा आला, आणि मी चहाचे कप पुढं करू लागलो.

त्या बैठकीत ठरलं की मुलांना यापुढं सिनेमाला बसवायचं नाही आणि कागद-बिगद बंद. सत्तावीस वर्षं जिची सही चालली त्या बाईची सही आमच्या दारावर चालेनाशी झाली. गावात पसरलं की सरोदेबाई आता विसरतात. दुकानदार त्यांना सुटे पैसे दोनदा मोजून दाखवू लागले. त्या कधी काही बोलल्या नाहीत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी येऊन शेवटच्या खुर्चीवर बसायच्या, सिनेमा संपला की सतरंज्यांच्या घड्या घालायला मदत करायच्या.

आणि दर गुरुवारी दापोऱ्याला जायच्या. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. बसनं जायच्या, पिशवीत करडे कागद आणि मार्कर. ईश्वरीच्या घरी ओट्यावर तिच्याशेजारी बसायच्या आणि दोघी डोळे मिटून ऐकायच्या. आवाज आला की ईश्वरीनं कागदावर लिहायचं. प्रल्हादभाऊंनी ते कागद जपून ठेवले आहेत, मला दाखवले. पोरीच्या अक्षरात: "साखळी – ट्रॉलीची. साखळी – झोपाळ्याची. साखळी – सायकलची, तेल नाही. साखळी – गोठ्यातली, गाय उठली." पानंच्या पानं. पहिल्या कागदांवर अक्षर इतकं दाबून काढलेलं की कागद फाटला आहे. सातव्या-आठव्या कागदावर एका ओळीत लिहिलंय, "साखळी – माहीत नाही," आणि खाली ताईंच्या अक्षरात, "मलाही नाही. चल बघू." दोघी उठून बघायला गेल्या होत्या. शेजारच्या अंगणात कोणीतरी पाळणा टांगत होतं.

"सात महिने येत जात व्हत्या," प्रल्हादभाऊ मला म्हणाले. "मी म्हणलं, बाई, चूक झाली ती झाली, किती फेडाल? तर म्हणे, फेडत नाही, तपासते."

हे ऐकून मी दुकानावर आलो आणि दिवसभर लोकांच्या आधार कार्डाच्या प्रती काढत बसलो. प्रत्येक वेळी काचेवर कागद ठेवला की वाटायचं, आता झाकण उचलल्यावर खाली तो निळ्या अक्षराचा कागद दिसणार.

मध्ये इतकी वर्षं गेली. मी कागद टाकून का दिला नाही? टाकला असता तर एक दिवस मी स्वतःच मानलं असतं की तो कधी नव्हताच. तेवढी लाज शिल्लक होती. पुढं जायची हिंमत नव्हती. मधल्या काळात आम्ही ताईंचा सत्कारही केला. शाल मीच घातली. भाषणात त्यांना "काटेकोर" म्हणालो.

यंदा उन्हाळ्यात ताईंचा फोन आला. "मनोहर, ये जरा. लिहायला माणूस पाहिजे."

गेलो तर घरात ईश्वरी बसलेली. सतरा वर्षांची, उंच, कॉलेजची बॅग पायाशी. तिनं मला नमस्कार केला. ताईंची नजर आता फार अधू झाली आहे, मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. त्या मान तिरकी करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिला वखारीचा सिनेमा पूर्ण बघायचाय. सगळ्यांबरोबर, हॉलमध्ये."

"अंकल, आधा ही देखा था ना," ईश्वरी हसत म्हणाली. "खुनी कोण ते आजी सांगतच नाहीत. छे साल से लटका के रखा है!"

"पंधरा झाल्यावर सांगेन म्हणाले होते," ताई म्हणाल्या. "आता सतरा झाल्यावर स्वतःच बघ म्हणते."

ईश्वरी कॉलेजला गेली. ताईंनी सिनेमा लावायला सांगितला. मी बघायचं, त्या ऐकणार, आणि कागद मी लिहायचा. त्यांनी सवयीनं पडद्याकडे पाठ केली. मांडीवर मेथी होती, आता निवडताना काड्याही भाजीत जात होत्या. बारावं मिनिट, एकतिसावं मिनिट. त्या सांगत होत्या, मी लिहीत होतो. मग साखळी वाजायला लागली.

"बावन्न," ताई म्हणाल्या. "लिही."

मी मार्कर कागदावर टेकवला. साखळी दीड मिनिट वाजली आणि थांबली. मी मार्कर खाली ठेवला.

"ताई, त्या दिवशी कागद माझ्याकडे होता. मी वाचला होता. हॉल रिकामा होईल म्हणून लावला नाही. बैठकीत तुम्ही स्वतःवर घेतलंत तेव्हा माझ्या खिशातच होता."

ताईंनी मेथीची एक काडी मोडली. "वरच्या खिशात," त्या म्हणाल्या. "डाव्या. पांढरा शर्ट होता तुझा, पातळ. घडीच्या बाहेरच्या बाजूची निळी अक्षरं आरपार दिसत होती. नव्या डोळ्यानं पहिली गोष्ट मला नीट दिसली ती तीच."

सहा वर्षं मी ज्या बाईंसमोर खिसा झाकून वावरलो, त्यांनी तो पहिल्याच दिवशी वाचला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"कागद तू खिशात घालून आणला होतास. म्हणजे काढणार होतास." त्यांनी पुढची काडी उचलली. "मी वाट बघितली. तेव्हा मी बोलले असते तर तू पकडला गेला असतास. मला तसं नको होतं. पण इतका वेळ लावशील असं वाटलं नव्हतं रे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ताई, मला माफ—"

"मला सांगून काय उपयोग?" त्या मध्येच म्हणाल्या. "रीळ माझ्याकडे आहे का? जिथं रीळ गेलं तिथं चिठ्ठी लागली पाहिजे." मग पाठ तशीच ठेवून मोठ्यानं म्हणाल्या, "नवा कागद घे. वरती लिही, मिनिट शून्य. सिनेमा सुरू होण्याआधी काय झालं ते. किती वेळ, कोणी, काय. रडारड लिहू नको, कोणाला कळत नाही त्यातून काही. आणि खाली सही तुझी. माझी नको."

मी चार कागद लिहून फाडले. पहिल्यात परिस्थिती होती, दुसऱ्यात पाहुणे, तिसऱ्यात चौधरीकाका. ताई प्रत्येक ऐकायच्या आणि म्हणायच्या, "यात तू कुठं आहेस?" चौथ्यात माझं नाव आलं, पण ईश्वरीचं राहिलं. पाचवा त्यांनी हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. त्यांना त्यातलं अक्षर दिसणं शक्य नव्हतं. तरी बराच वेळ धरून बघितला. "चालेल," म्हणाल्या.

गेल्या रविवारी वखारीचा सिनेमा पुन्हा लावला. दारावर दोन कागद शेजारी शेजारी चिकटवले, एक ताईंचा जुना, चार घड्यांचा, आणि एक माझा. लोक जिन्यात थांबून वाचत होते. चौधरीकाकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे न बघता आत गेले. प्रल्हादभाऊ कडेच्या खुर्चीवर बसले होते, शेजारी ईश्वरी. ताई नेहमीच्या जागी, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत. त्यांनी खुर्ची उलटी फिरवून घेतली होती. मला चादरीसमोरून त्यांचा अंबाडा, साडीचा पदर आणि किंचित तिरका केलेला उजवा कान एवढंच दिसत होतं. यापुढं ताई आठवल्या की मला असंच आठवणार.

मी कागद वाचला. आवाज खाली खाली जात राहिला, शेवटची ओळ माझी मलाच ऐकू आली नाही.

"मनोहर," ताई मान न वळवता म्हणाल्या, "मागं काही कळलं नाही."

मग मी पुन्हा पहिल्यापासून वाचला, त्यांच्याइतक्या मोठ्या आवाजात.

"मिनिट शून्य. सहा वर्षांपूर्वी या सिनेमाचा कागद सरोदेताईंनी वेळेवर लिहून माझ्याकडे दिला होता. त्यात बावन्नाव्या मिनिटाचा इशारा होता. तो मी दोनदा वाचला आणि हॉल भरलेला दिसावा म्हणून खिशात ठेवला. प्रल्हादभाऊंनी दाराशी विचारलं तेव्हा खरं सांगितलं नाही. ईश्वरी उठून गेली तेव्हा सिनेमा थांबवला नाही. ताईंनी चूक आपली म्हटली तेव्हा मी गप्प बसलो. चूक माझी आहे, त्यांची कधीच नव्हती. ईश्वरी, प्रल्हादभाऊ, ताई, मला माफ करा. मनोहर भंगाळे."